डाव्या बाजूचे पायजमे

माझी वहिनी मनोरुग्णांच्या दवाखान्यात सिस्टर आहे, हे कळलं की लोक आधी विचारतात, "भीती नाही वाटत?" आणि मग, "मारतात का हो?" यापुढे कोणी काही विचारायच्या आत मी विषय बदलते, कारण पुढच्या प्रश्नाला माझं डोकं फिरतं. वहिनीचं फिरत नाही. ती सांगते, की नाही, भीती नाही वाटत. आणि हो, कधीतरी मारतात, पण त्याआधी घरच्यांनी त्यांना बरंच मारलेलं असतं. हे ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगते आणि चहा पिऊन टाकते.

मी शिवणकाम करते. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही, तेव्हापासून दादाकडेच आहे. पुढच्या खोलीत माझं मशीन, मधल्या खोलीत ते दोघं, मागे स्वयंपाकघर. दादा शाळेची बस चालवतो. तो मला शिंपीणबाई म्हणतो. वहिनी एरवी मला नावाने हाक मारते, पण रागावली की "वन्सं" म्हणते आणि अहो-जाहो करते. गेल्या कित्येक वर्षांत तिने मला वन्सं म्हटलेलं नाही. आम्हा दोघांना, दादाला आणि मला, त्याचीच काळजी वाटायची.

कारण वहिनीला राग येईनासा झाला होता. रडू येईनासं झालं होतं. तिचे वडील गेले, तेव्हा सगळं उरकून ती घरी आली, हातपाय धुतले, युनिफॉर्म घातला आणि दुपारच्या पाळीला गेली. दादा म्हणाला, अगं, रजा टाक. ती म्हणाली, "रजा टाकून काय करू? बसून राहू?" पुढे तिच्या वॉर्डात एक म्हातारी गेली, जिला तिने वर्षानुवर्षं भरवलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने मला युनिफॉर्मची बाही उसवून सैल करायला सांगितली. मी बाही उसवत होते आणि ती समोर बसून म्हाताऱ्या बाईचं सांगत होती, काय झालं, किती वाजता झालं, डॉक्टर किती उशिरा आले. मला हुंदका आवरेना. ती म्हणाली, "तू का रडतेस? तू तिला कधी पाहिलंही नव्हतंस." टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

दादाने एकदा तिला भीतभीत सुचवलं, की तुमच्याच डॉक्टरांना दाखव ना. ती म्हणाली, "दाखवलं. म्हणाले, दमला आहात."

अशात दवाखान्यात नवीन टूम निघाली. प्रत्येक वॉर्डाच्या मुख्य सिस्टरने एक सुधारणेचं काम हाती घ्यायचं, नीट मोजमाप करायचं, आणि वर्षअखेरीला सगळ्यांसमोर मांडायचं. गुणवत्ता सुधार प्रकल्प, असं भारदस्त नाव होतं त्याला. बाकीच्या सिस्टर काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एकीने हात धुण्याच्या सूचना भिंतीवर लावल्या, एकीने कुंड्या आणल्या, तिसरीने कुंड्यांशेजारी हात धुण्याच्या सूचना लावल्या. मेट्रनबाईंना वाटलं, ही पण काहीतरी असंच करेल आणि सुटेल.

वहिनीने जेवताना मला विचारलं, "नेफ्यात नाडी नसली तर पायजमा कशावर राहतो?"

"देवाच्या भरवशावर," मी म्हटलं.

दादाला ठसका लागला. वहिनी हसली नाही. म्हणाली, "माझ्या वॉर्डात सगळे तसेच राहतात."

मग तिने सांगितलं. बाई दाखल झाली की तिला दवाखान्याचे कपडे मिळतात, लांब सदरा आणि पायजमा. पायजम्याची नाडी आधीच काढून घेतलेली असते. कोणी ती गळ्याला लावू नये म्हणून. असं पूर्वी कधीतरी झालं होतं, त्यामुळे नियमाला नावं ठेवायची सोय नाही. पायजमे सगळे एकाच मापाचे, म्हणजे मोठ्या मापाचे. मग ज्या बाईचं पोट पुढे आहे तिचा पायजमा राहतो, आणि बाकीच्या बायका दिवसभर एका मुठीत कंबर धरून चालतात. एका हाताने जेवतात, एका हाताने तोंड धुतात. गाठ मारली तर ती उठता-बसता सुटते.

"हे मी पहिल्या दिवसापासून बघतेय," वहिनी म्हणाली. "आणि दिसलं परवा. खेळाच्या खोलीत चेंडू फेकायचा खेळ होता. जाड बायका खेळत होत्या. बारीक बायका खाटेवर बसून होत्या. आणि डॉक्टरांनी राउंडला प्रत्येक बारीक बाईपुढे लिहिलं होतं, उदास आहे, कशात भाग घेत नाही."

मी आधी खूप हसले. मग हसू कुठे गेलं ते कळलं नाही. रात्री दिवा मालवेपर्यंत माझा एक हात कमरेशीच होता, असं दादा सकाळी चिडवत होता.

इलॅस्टिक हे उत्तर कोणालाही सुचलं असतं, आणि वहिनीच्या आधी दोघा-तिघांना सुचलंही होतं. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे मुख्य, दर वेळी एकच सांगायचे: इलॅस्टिक नेफ्यातून ओढून काढता येतं, आणि मग ते नाडीपेक्षा वाईट. इथे माझा नंबर लागला. मी म्हटलं, ओवायचंच कशाला? पट्टी कापडावर ताणून धरायची आणि वरून चार ओळी शिलाई मारायची. मग ते कापडाचाच भाग होतं. काढायचं तर पायजमा फाडावा लागेल, आणि तेव्हाही हातात वीतभर तुकडे येतील. दोन पायजमे वाया घालवले, तिसरा जमला. मग दवाखान्याच्या धोबीखान्यात तो उकळत्या पाण्यातून इतक्या वेळा काढला की कापडाचा रंग गेला, पण कंबर शाबूत राहिली.

मोठ्या डॉक्टरांनी तो स्वतः ओढून पाहिला. टेबलाला पाय लावून ओढला, असं वहिनी सांगते. मग घाम पुसत म्हणाले, "छान आहे. पण एका सिस्टरला वाटतं म्हणून मी आठ वॉर्डांना इलॅस्टिक देऊ शकत नाही. फरक दाखवा."

"फरक दाखवायचा म्हणजे काहींना द्यायचं आणि काहींना द्यायचं नाही," वहिनी म्हणाली.

"बरोबर," मोठे डॉक्टर म्हणाले.

वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, दोन्ही बाजूंना खाटा, मधून वाट. वहिनीने ठरवलं, डाव्या बाजूच्या खाटांना इलॅस्टिक, उजव्या बाजूला आहे तेच. दोन महिने. सिस्टर त्याच, औषधं त्यांची त्यांची, जेवण एकच. रोज बघायचं, कोण खेळाच्या खोलीत येतं, कोण टेबलाशी बसून जेवतं, कोण खाली बागेत उतरतं. धोबीखान्यातून कपडे येताना घोळ होऊ नये म्हणून डावीकडच्या पायजम्यांच्या पायाशी मी लाल दोऱ्याचा टाका घातला.

"उजवीकडच्यांनी काय घोडं मारलंय?" मी विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाली. "त्या उजवीकडे आहेत."

प्रत्येक बाईला तिने बसवून सांगितलं, काय करणार आहोत, का करणार आहोत, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. मी त्या दिवसांत मापं घ्यायला जात होते, त्यामुळे माझ्या कानावर सगळं पडत होतं. उजवीकडच्या एका खाटेवर पोस्टातल्या बाई होत्या. सगळ्या त्यांना पोस्टबाईच म्हणायच्या. पोस्टाच्या खिडकीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. आई गेल्यावर त्यांनी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं, आणि एके दिवशी खिडकीतून येणारी सगळी पत्रं त्यांनी उचलून स्वतःच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. का, तर पत्रं लोकांपर्यंत गेली की त्यांत वाईट बातम्या असतात. भावाने इथे आणून ठेवलं. आता त्या बऱ्या होत्या. हडकुळ्या, नीट भांग पाडलेल्या, आणि जरा तिखट. त्यांनी वहिनीचं सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि विचारलं, "म्हणजे मला मिळणार नाही."

"आत्ता नाही. नंतर सगळ्यांना मिळेल."

"नंतर मी इथे नसेन," पोस्टबाई म्हणाल्या.

हे खरं होण्यासारखं होतं. दर दोन-तीन महिन्यांनी बाहेरची एक समिती यायची. ती एकेका बाईला बोलावून चार गोष्टी विचारायची आणि घरी सोडायचं की नाही ते ठरवायची. पोस्टबाईंचा भाऊ भेटीला यायचा, तेव्हा मी त्याला पाहिलं होतं. गरीब स्वभावाचा, सारखा घड्याळ बघणारा. त्याची बदली लांबच्या गावी झाली होती आणि महिनाअखेरीला तो बायकोला घेऊन निघणार होता. त्याने वहिनीला सांगितलं होतं, "या समितीने सोडलं तर ताईला बरोबर घेऊन जातो. बायकोला तयार केलंय मी. पण एकदा तिकडे गेलो की मला परत येणं जमेल असं वाटत नाही सिस्टर. आणि बायको तरी किती दिवस तयार राहील." त्यामुळे पोस्टबाईंचं सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं. ते भावाला माहीत होतं, पोस्टबाईंना माहीत होतं आणि वहिनीला माहीत होतं.

पहिल्या पंधरवड्यातच डावी बाजू बदलली. मी शपथेवर सांगेन, मापं घेणारीला जे दिसतं ते डॉक्टरला दिसत नसेल, पण हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बायका दोन हातांनी ताट घेऊन टेबलाशी यायला लागल्या. एकीने दुसरीची वेणी घातली. एक मुलगी, जी मला वाटलं होतं मुकी आहे, ती चेंडूवरून भांडायला लागली आणि तिला कोणी आवरेना. उजवीकडच्या बायका खाटेवर बसून हे बघायच्या. वॉर्डातल्या मावशी, म्हणजे झाडलोट करून कपडे वाटणाऱ्या, माझ्याजवळ कुरकुरायच्या, "असं कसं बाई, एका पंगतीत दोन न्याय?" मी म्हटलं, मला नका सांगू, माझ्या वहिनीला सांगा. त्यांनी सांगितलं. वहिनी म्हणाली, "कळतंय मावशी. दोन महिने."

समितीच्या दिवशी मी सकाळीच गेले होते, कारण काही पायजमे ढगळ झाले होते आणि ते तिथेच बसून आवळून द्यायचे होते. खिडकीशी मला छोटं टेबल दिलं होतं. पोस्टबाई अंघोळ करून वाटेवर उभ्या होत्या. भांग ताजा, चेहरा धुतलेला, दोन्ही हात समोर एकमेकांत गुंफलेले. मला आधी कळलंच नाही की यात वेगळं काय आहे. मग कळलं आणि माझी नजर त्यांच्या पायाकडे गेली. लाल दोरा होता.

मावशी कोपऱ्यात पुसत होत्या. जमीन कोरडी होती, तरी पुसत होत्या.

वहिनी हातात पुडकं घेऊन वाटेवरून येत होती. ती थांबली. मी मनात म्हटलं, वहिनी, काणाडोळा कर. एकदाच कर.

"पोस्टबाई," ती म्हणाली, "हा डावीकडचा आहे."

मावशी पुढे आल्या. "मी दिला सिस्टर. एक दिवसासाठी. समिती झाली की काढून घेते. कोणाला सांगते मी?"

"मावशी, आज यांना दिला तर शेजारची मागेल. आणि मागितला तर तिलाही द्यायला हवा, कारण तिचंही काहीतरी असेल. मग उजवी बाजू उरणार नाही. फरक उरणार नाही. मोठे डॉक्टर म्हणतील, सिस्टर, तुमचं काम पक्कं नाही, राहू दे. बाकीच्या सात वॉर्डांत किती बायका आहेत? आणि गडी माणसं?"

"पण आज यांची समिती आहे गं!" हे मी बोलले. बसल्या जागेवरून, तोंडात सुई धरलेली असताना.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पाटी पुसल्यावर दिसते तशी दिसत होती. "समिती पायजमा बघत नाही," ती म्हणाली. "बोलणं बघते. पोस्टबाई छान बोलतात."

"मला यातून काढून टाका," पोस्टबाई म्हणाल्या. "माझी सही खोडा."

"खोडते. तो तुमचा हक्क आहे. पण त्याने इलॅस्टिक मिळणार नाही. दवाखान्याचा आहे तोच पायजमा राहील."

पोस्टबाईंनी वाद घातला नाही. पडद्यामागे गेल्या, बदलून आल्या, लाल दोऱ्याचा पायजमा घडी घालून वहिनीच्या हातात दिला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. बोलावणं आलं तेव्हा वहिनी स्वतः खाटेशी गेली. "चला, मी बरोबर येते."

"नाही येत."

"भाऊ खाली बसलाय."

"कंबर धरून पाच माणसांपुढे उभी राहून मी शहाणी आहे म्हणून सांगू?" पोस्टबाई भिंतीला म्हणाल्या. "नाही येत."

वहिनी दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा गेली. समिती थोडा वेळ थांबली, मग पुढच्या बाईला बोलावलं. दुपारी वहिनीने रोजच्यासारखी नोंद केली. उजवी बाजू, कोण कोण आलं नाही. त्यात पोस्टबाई होत्या. सही खोडायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. संध्याकाळी वहिनीने विचारलंही, तर म्हणाल्या, "आता राहू दे."

त्या दिवशी घरी मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोंडाचा पट्टा सुटला तो सुटला. माणसं आहेत की कापडाचे नमुने, असं म्हटलं. तुझ्या आकड्यांसाठी तू तिला बळी दिलंस, असंही म्हटलं. दादा मधे पडायला गेला, त्याला म्हटलं, तू गप्प बस, तू बस चालव. वहिनी जेवत होती. माझं संपेपर्यंत ती जेवली, मग ताट घासायला ठेवलं.

"तू बरोबर बोलतेयस," ती म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. मीही बरोबर होते. दोन्ही खरं आहे." तिने हात पुसले. "मला काहीच वाटत नाहीये गं. वाटायला हवं, हे कळतंय. मी वाट बघतेय मघापासून."

मला तिला वन्सं म्हणायला लावायचं होतं. तिने मला ओरडायला हवं होतं, निदान ताट आपटायला हवं होतं. तिने दिवा मालवला आणि झोपायला गेली. मला तिची त्या दिवशी चीड आली आणि कीवही आली, आणि त्या दोन्हींतलं कुठलंच कमी होईना.

दोन महिने झाले. फरक इतका होता की मोठ्या डॉक्टरांनी आकडे दोनदा तपासून घेतले. डावीकडच्या बायका उजवीकडच्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळा खोलीबाहेर पडल्या होत्या, टेबलाशी जेवल्या होत्या, आणि झोपेच्या जादा गोळ्या त्यांना कमी लागल्या होत्या. वहिनीला बाहेरगावी मोठ्या सभेत बोलायला बोलावलं. तिथे कोणीतरी विचारलं, की मधेच कपड्यांची अदलाबदल झाली नाही कशावरून? सिस्टर लोकांचं मन मऊ असतं. वहिनी म्हणाली, "एकदा झाली होती. मी परत घेतला." टाळ्या पडल्या, असं तिच्याबरोबर गेलेल्या मेट्रनबाईंनी सांगितलं. आठही वॉर्डांना मंजुरी मिळाली. मला वर्षभर पुरेल एवढं काम मिळालं, आणि मी ते घेतलं. शिवायला दोन बायका ठेवल्या.

भाऊ महिनाअखेरीला गेला होता. पुढच्या समितीच्या आधी त्याचा फोन आला. वहिनीनेच उचलला. इथल्या खोल्या सोडल्या, तिकडे जागा लहान आहे, बायको आता नको म्हणते, मूलही होणार आहे. "तुम्ही आहातच," तो म्हणाला, "तुम्हीच बघा तिचं." वहिनीने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तिला एकदम सांगू नका, समाजसेविकेला सांगू दे. समाजसेविका बाळंतपणाच्या रजेवर होती. तोवर खाट हवी म्हणून पोस्टबाईंना मागच्या वॉर्डात हलवलं, जिथे ज्यांना कोणी न्यायला येत नाही अशा बायका राहतात आणि जिथली नावं समितीकडे सहसा जात नाहीत. मागच्या वॉर्डाच्या सिस्टरला वाटलं, पुढच्यांनी सांगितलं असेल. पुढच्यांना वाटलं, मागच्यांनी सांगितलं असेल.

मागच्या वॉर्डाचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला. वहिनी मला घेऊन गेली, कारण तिथल्या बायका अनोळखी बाईला हात लावू देत नाहीत. खोली तशीच लांब, खाटा तशाच, फक्त आवाज नव्हता. दाराशेजारी भिंतीवर वहिनीच्या प्रकल्पाचा मोठा रंगीत तक्ता लावला होता. आता तो सगळ्या वॉर्डांत लावायचा हुकूम होता. पोस्टबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या. एका मुठीत कंबर, दुसऱ्या हाताचं बोट तक्त्यावर. भांग अजून नीट होता.

"सिस्टर," त्यांनी मान न वळवता विचारलं, "यातली मी कुठली?"

तक्त्यावर दोन रंगीत खांब होते, एक उंच, एक बुटका. वहिनीने बुटक्या खांबावर बोट ठेवलं. "यात."

"मी नसते तर हा एवढाच राहिला असता?"

"जरासा उंच झाला असता."

"म्हणजे उपयोग झाला माझा." त्यांनी खांबाकडे जरा निरखून पाहिलं, पोस्टात तिकिटाकडे पाहत असतील तसं. "चांगलं झालं. मग आता समितीचं बघा सिस्टर. या वेळी मी जाते. भावाला तेवढं कळवा, म्हणावं यायला हरकत नाही."

मी टेप गळ्यात घेऊन उभी होते. मला वाटलं, वहिनी आता मागे वळून इथल्या सिस्टरला शोधेल. समाजसेविकेचं नाव घेईल. बघते म्हणेल. दवाखान्यात सगळे बघते म्हणतात. तिने जवळची खाट ओढली आणि पोस्टबाईंना बसा म्हटलं. पोस्टबाई बसल्या नाहीत. मग वहिनी उभ्यानेच बोलली. भाऊ गेला. खोल्या सोडल्या. तिकडे नेणार नाही म्हणाला. फोन माझ्याकडे आला होता, तुम्हाला कोणी सांगितलं नसेल हे मला कळायला हवं होतं.

पोस्टबाई ऐकत होत्या. एकदा त्यांनी ओठ ओले केले.

"त्या वेळच्या समितीला मी गेले असते तर नेलं असतं?"

"हो," वहिनी म्हणाली.

नुसतं हो. त्याला पुढे-मागे काही लावलं नाही. मला तिचा हात धरून तिला तिथून ओढून न्यावंसं वाटलं आणि मी हलले नाही.

पोस्टबाईंनी तक्त्यावरचं बोट काढलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही माप घ्यायला आलात ना? घ्या."

"नंतर घेते हो. घाई नाही," मी म्हटलं.

"घ्या," त्या म्हणाल्या आणि मूठ सोडून दोन्ही हात वर केले.

पायजमा घसरून घोट्यांशी आला. सदरा गुडघ्यांपर्यंत होता, खाली दोन बारीक पाय. त्यांनी वाकून तो उचलला नाही. हात वरच होते, नजर समोर भिंतीवर. वहिनी खाली बसली, दोन्ही हातांनी पायजमा वर ओढला आणि नेफा त्यांच्या कमरेशी धरून राहिली. मी टेप फिरवली. वहिनीची बोटं मधे येत होती, म्हणून मला दोनदा फिरवावी लागली. "सरक जरा," मी तिला म्हटलं. ती सरकली नाही. तिने मान खाली घातली होती, आणि तिने धरलेला तो नेफा एवढा थरथरत होता की आकडा मला वाचता येईना.